अध्यक्षांचा मुलगा

लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या नजमाबाजी भेटल्या. त्यांच्या हातात गरम खुबूसची पिशवी होती आणि त्या पावाच्या वासानं ती छोटी लिफ्ट भरून गेली होती. धवलला त्यांनी नेहमीप्रमाणे सलाम केला, मग त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या, पांढऱ्या सदऱ्यावर निळा स्वेटर घातलेल्या म्हाताऱ्या माणसाकडं पाहून विचारलं, "आप धवलभाई के अब्बा हैं ना?" नाना खुलून हसले. "हां," ते म्हणाले, "मैं धवल का पिताजी है." एवढंच. चौथ्या मजल्यावर बाजी उतरल्या, दार मिटलं. पण जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावीच, तसं काहीतरी धवलला झालं. चव्वेचाळीस वर्षांत हे वाक्य त्यानं कधी ऐकलं नव्हतं. उलटं मात्र हजार वेळा ऐकलं होतं. दोहाच्या बिन महमूद भागातल्या त्या सहा मजली इमारतीच्या लिफ्टच्या आरशात त्यानं वडिलांकडं चोरून पाहिलं. त्यांचा चेहरा मान कमी झालेल्या माणसाचा नव्हता. शाळेच्या पहिल्या दिवशी बाकावर जागा मिळाली की पोराचा चेहरा होतो, तसा काहीसा होता.

पिंपळदरीत देवीदासराव शेवाळे यांना नाव असं नव्हतंच. घरात ते नाना होते आणि उंबऱ्याबाहेर अध्यक्ष. नगरपालिकेचे दोनदा अध्यक्ष, मग तीस वर्षं शिक्षण संस्थेचे. मधली चार वर्षं ते कशाचेच अध्यक्ष नव्हते, तरी गावानं हाक बदलली नाही. धरणावरून चौदा किलोमीटर पाईप टाकून त्यांनी गावात पाणी आणलं होतं, आणि ज्या दिवशी चौकातल्या नळातून पहिली पिचकारी उडाली त्या दिवसापासून धवलचंही नाव गेलं. तो अध्यक्षांचा मुलगा झाला. न्हाव्याकडं त्याचा नंबर आपोआप पहिला लागे. क्रिकेट खेळताना मधली यष्टी उडाली तरी अंपायर नो-बॉल म्हणे, आणि बोलिंग करणारं पोरगं जमिनीकडं बघत पुन्हा चेंडू टाकायला मागं चालत जाई. गुरुजी इतरांना छडी मारत आणि त्याच्यापाशी आले की खिडकीबाहेर बघत. मार न मिळाल्याचं दुःख माणूस कुणाला सांगणार? सातवीत वक्तृत्व स्पर्धेत तो पाण्याच्या महत्त्वावर बोलायला उभा राहिला आणि तिसऱ्या वाक्याला सगळं विसरला. दीड मिनिट तो छताच्या पंख्याची घरघर ऐकत उभा होता, मग 'जय हिंद' म्हणून खाली उतरला. त्याच्यामागून मालविका नावाची मुलगी अशी बोलली की शिपाई घंटा द्यायचं विसरून दारात उभा राहिला. पहिलं बक्षीस धवलला मिळालं, दुसरं तिला. मालविकानं त्याचं मनापासून अभिनंदन केलं. तिला त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं, आणि नेमकं तेच त्याला कधी पचलं नाही.

दोन हजार आठ साली दोहाच्या विमानतळावर खिडकीतल्या माणसानं त्याचं नाव 'दवाल' असं वाचलं, शिक्का मारला आणि वर न बघताच पासपोर्ट परत सरकवला. धवलला त्या क्षणी इतकं हलकं वाटलं होतं की बाहेर आल्यावर, मे महिन्याच्या त्या भट्टीत, बॅगेवर बसून तो एकटाच हसला होता. इथं त्याला कुणी ओळखत नव्हतं, म्हणजे त्याच्यामागं उभं असलेलं कुणी दिसत नव्हतं. तो बाद झाला तर बाद होणार होता. पहिल्याच वर्षी एका ब्रिटिश मॅनेजरनं चार लोकांसमोर त्याच्या ड्रॉइंगमधली चूक दाखवून त्याला झाडलं, तेव्हा अपमानाच्या खालून एक विचित्र सुख वर आलं होतं. अखेर कुणीतरी छडी मारली होती. पुढं वर्ल्ड कप कतारला मिळाला, शहराचा रस्ता न् रस्ता उखडला, आणि धवलला त्याचं खरं काम सापडलं. तो जमिनीखालचं पाणी उपसत असे. वाळवंट म्हणून लोक हसत, पण दोहात चार मीटर खणलं की खारं पाणी लागतं. स्टेडियमचा खड्डा कोरडा ठेवायचा तर त्याच्या भोवती विहिरी पाडाव्या लागतात आणि दिवसरात्र पंप चालवावे लागतात. नाहीतर अर्धवट बांधलेलं काम पाण्यावर होडीसारखं उचललं जाईल. वर काँक्रीट चढतं, लोखंड चढतं, फोटो त्यांचे निघतात. खाली चाललेल्या उपशाचा फोटो कुणी काढत नाही. धवलला हे फार आवडायचं.

नानांना हे काम पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा ते जेवणाच्या टेबलाशी कितीतरी वेळ हसत राहिले होते. सुचित्रानं वाढलेली आमटी निवत होती. ते म्हणाले, आम्ही विहिरीला पाणी लागलं की पेढे वाटायचो, आणि तू पाणी गेलं की पगार घेतोस. धवलही हसला, पण हसता हसता सावध राहिला. नाना आल्यापासून तो सावधच होता. जूनमध्ये संस्थेची निवडणूक होती. नानांना अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं, आणि संस्थेचे चिटणीस सुरेशकाका धवलला दर दोन दिवसांनी मोबाईलवर निरोप पाठवत होते: गाव वाट बघतंय, तीन शाळा आणि एक कॉलेज आहे, अध्यक्षांचा मुलगाच हवा, दुसऱ्या नावावर एकमत होत नाही. नाना दोन महिन्यांच्या व्हिसावर त्याचसाठी आले आहेत, याबद्दल धवलला शंका नव्हती. आज विचारतील, उद्या विचारतील. कॉर्निशवर समुद्राकडं बघत बसले असताना, अल नस्रमधल्या दुकानात भाजी निवडताना, नाना घसा खाकरत आणि धवलचे खांदे आपोआप आवळले जात. मग नाना विचारत, ही कोथिंबीर इराणची की आपल्याकडची? सुचित्रा एकदा म्हणाली, "तूच विषय काढ ना. त्यांनी विचारलं नाही म्हणून तू रोज उत्तर देत बसलायस." ते खरं होतं. अंघोळ करताना, सिग्नलला थांबल्यावर, तो मनातल्या मनात नकार घासूनपुसून ठेवत असे, आणि रोज त्या नकाराच्या तळाशी त्याला पाणी लागत असे. कारण त्याला ठाऊक होतं, नानांनी समोर बसून 'येतोस का' असं विचारलं, तर तो हो म्हणेल.

आणि याच दिवसांत ईश्वरीला शाळेतून तो प्रोजेक्ट मिळाला. ईश्वरी बारा वर्षांची होती, अल दुहैलमधल्या शाळेत जात होती, मराठी सगळं समजत होतं पण उत्तरं इंग्रजीत येत होती. सहावीच्या मुलांनी एकोणिसाव्या शतकातली एकेक अमेरिकन व्यक्ती घ्यायची, तिच्यासारखा वेष करून हॉलमध्ये पुतळ्यासारखं उभं राहायचं, आणि कुणी पुढ्यातल्या कागदी बटणावर बोट ठेवलं की दोन मिनिटं त्या व्यक्तीच्या तोंडून बोलायचं. अब्राहम लिंकनवर पाच जणांनी हात वर केले. ईश्वरीनं त्याचा मोठा मुलगा घेतला, रॉबर्ट. का, असं धवलनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बिकॉज नोबडी वॉन्टेड हिम, बाबा." लॅपटॉपवरचा तो दाढीवाला, जाड, गंभीर माणूस धवलकडं बघत होता, आणि धवलला उगीच वाटलं की याला आपण पिंपळदरीत कुठंतरी पाहिलं आहे.

मग तो माणूस महिनाभर त्यांच्या घरात राहिला. ईश्वरी जेवताना त्याच्या गोष्टी सांगे आणि धवल नानांसाठी त्या मराठीत सांगे. चार भावांतला हा एकटाच जगला. तरुणपणी एकदा रेल्वेच्या फलाटावरून खाली पडता पडता एका नामांकित नटानं त्याची कॉलर धरून त्याला वर ओढलं, आणि पुढं त्या नटाच्या सख्ख्या भावानंच त्याच्या बापाला गोळी घातली. नाना घास तसाच धरून थांबले. मग म्हणाले, एका घरात दोन तऱ्हेचे हात असतात. तो वकील झाला, मंत्री झाला, रेल्वेचे डबे बनवणाऱ्या मोठ्या कंपनीचा प्रमुख झाला. त्याच्या मुलाला आजोबांचंच नाव ठेवलं होतं, पण घरात सगळे त्याला जॅक म्हणत. पोरगं सोळाव्या वर्षी गेलं. दोन मुली राहिल्या. यावर नानांनी ईश्वरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिनं तो तसाच राहू दिला. पक्षाचे लोक पुन्हा पुन्हा त्याचं नाव अध्यक्षपदासाठी पुढं करत आणि तो नको म्हणे, हे मात्र धवलनं मराठीत सांगितलं नाही. इंग्रजी वाक्य संपलं तेव्हा त्याला पाणी प्यायची आठवण झाली.

सरावाची जबाबदारी नानांनी आपणहून उचलली. पन्नास वर्षं सभा गाजवलेला माणूस त्या छोट्याशा हॉलमध्ये सोफा मागं सरकवून नातीला उभं करी. हात खिशात नको. पहिलं वाक्य बोलून थांब, माणसं वळून बघेपर्यंत थांब. ईश्वरी म्हणे, "आजोबा, इट्स ओन्ली टू मिनिट्स," आणि नाना म्हणत, दोन मिनिटांत मी पाईपलाईन मंजूर करून घेतली होती. सुचित्रानं जुन्या काळ्या लोकरीची दाढी विणली. ती लावून ईश्वरी आरशासमोर गेली की नाना हसून बेजार होत, डोळे पुसत, आणि स्वयंपाकघरातून धवल ते ऐकत राही. लहानपणी घरात वडिलांना हसताना त्यानं ऐकलं होतं का? ओटीवर नेहमी दहा माणसं असत. हसणं झालंच तर ते त्या दहा जणांसाठी असे. आता एकाच मुलीसाठी होत होतं, आणि भिंतीपलीकडून ऐकताना धवलला हेवा वाटला, मग हेवा वाटल्याची गंमत वाटली, मग कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि त्यानं गॅस बंद केला.

कतारनं आशियाई कप जिंकून दोन आठवडे झाले होते, पण गाड्यांवरचे झेंडे अजून उतरले नव्हते. त्या आठवड्यात शाळेचा कार्यक्रम झाला. हॉलमध्ये पाच लिंकन उंच टोप्या घालून उभे होते आणि कोपऱ्यात, खिडकीपाशी, लोकरी दाढीतली ईश्वरी. नानांनी स्वतः जाऊन बटण दाबलं. ती पहिलं वाक्य बोलली आणि थांबली, इतकी थांबली की शेजारच्या रांगेतल्या आया वळून बघायला लागल्या. मग तिनं सगळं सांगितलं. भाऊ, फलाट, जॅक, आणि म्हातारपणी घराच्या आवारात बसवलेली मोठी दुर्बीण. शेवटी तिच्या वर्गशिक्षिका मिस सलमांनी, ठरलेलं नसताना, तिला विचारलं की लोक एवढं म्हणत होते तर तुम्हाला स्वतःला कधी अध्यक्ष व्हावंसं वाटलं नाही का. ईश्वरीनं क्षणभर दाढी चाचपली. "नो, मॅम," ती म्हणाली, "आय हॅड अदर थिंग्ज टू डू. आय हॅड अ टेलिस्कोप." सगळा हॉल हसला. नानांनी धवलच्या दंडाला धरून विचारलं, काय म्हणाली?

धवलला छताच्या पंख्याची घरघर ऐकू यायला लागली, आणि त्या वातानुकूलित हॉलमध्ये पंखाच नव्हता. चाळीस लोकांच्या हसण्यात, वडिलांच्या कानाशी वाकून, त्यानं ते वाक्य मराठीत सांगितलं. "म्हणाली, नाही. मला दुसरी कामं होती. माझ्याकडं दुर्बीण होती." मराठीत ते वाक्य ईश्वरीचं राहिलं नाही, हे बोलता बोलताच त्याच्या लक्षात आलं. नानांनी मुलाकडं पाहिलं, नातीकडं पाहिलं, आणि मग टाळ्या वाजवायला लागले. सभेत वाजवतात तशा, दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी सकाळी साइटवर कुटुंबीयांना बोलावलं होतं. ईश्वरीला ताप होता म्हणून सुचित्रा तिच्यापाशी राहिली आणि धवल नानांना घेऊन गेला. गेटवर नानांना पिवळं जाकीट, जाड बूट आणि पांढरं हेल्मेट मिळालं. समोर स्टेडियमच्या छताच्या पांढऱ्या पाकळ्या निम्म्या उघडल्या होत्या, आणि इतर घरची माणसं त्याच्यासमोर उभी राहून फोटो काढत होती. धवल नानांना मागच्या बाजूला घेऊन गेला, जिथं बघण्यासारखं काही नव्हतं. शेवटचे दोन पंप आज बंद होणार होते. वरचं वजन पुरेसं झालं होतं. आता खालचं पाणी परत आलं तरी त्या इमारतीला उचलू शकणार नव्हतं. साडेतीन वर्षं चाललेला तो आवाज धवलच्या हाडांत बसला होता. घरी झोपेतही तो ऐकू येई, आणि आला नाही तर जाग येई. फोरमन नंदू गुरव तिथं उभा होता. संगमेश्वरचा, पन्नाशीचा, मितभाषी माणूस. त्याच्याबरोबर दोन नेपाळी आणि एक बंगाली ऑपरेटर. नंदूनं नानांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "साहेबांचे वडील काय? बरा झाला तुम्ही आलात. तुमच्या हातून बंद करूया."

नानांचा हात, सवयीनं, पुढं झाला. धवलनं तो पाहिला. कितीतरी फिती कापलेला, कोनशिलांचे कितीतरी पडदे ओढलेला तो हात लाल बटणाच्या दिशेनं वीतभर गेला आणि थांबला. नानांनी तो मागं घेतला, पाठीमागं दुसऱ्या हातात धरून ठेवला. "नको," ते म्हणाले. "ज्याचं काम त्यानं करावं." आणि ते जाऊन त्या नेपाळी ऑपरेटरांच्या रांगेत उभे राहिले. धवलनं पहिलं बटण दाबलं, मग दुसरं. पंपांनी एक लांब श्वास सोडला, पाईपाच्या तोंडातून येणारी धार बारीक झाली, थेंब झाली, थांबली. आणि मग शांतता आली. ती नुसती आवाज थांबल्याची शांतता नव्हती. तिच्यात एकेक आवाज उगवत होता. लांब कुठंतरी कुणी अरबीत फोनवर बोलत होतं, वाऱ्यानं ताडपत्री फडफडत होती, एक चिमणी होती. नंदूनं नाक ओढलं आणि दुसरीकडं तोंड केलं. धवलला वाटलं आपल्या छातीतलं काहीतरी फिरायचं थांबलं आहे, आणि तरी आपण उभेच आहोत. तो हसायला लागला. ऑपरेटर हसले, "खलास, सर, खलास," असं म्हणत त्यांनी त्याचा हात धरून हलवला. रांगेच्या शेवटी नाना होते. त्यांनीही रांगेतून आपली पाळी येऊ दिली आणि मग मुलाचा हात दोन्ही हातांत घेतला.

नंतर कंटेनरच्या सावलीत, कागदी कपातला दुधाळ, कडक करक चहा पिताना, धवलनं विषय काढला. मनात घासून ठेवलेलं एकही वाक्य त्याला आठवलं नाही. तो एवढंच म्हणाला, "नाना, जूनचं काय करायचं?"

नानांनी चहा फुंकला. "मी तुला येतोस का असं विचारलं असतं, तर तू काय म्हणाला असतास? खरं सांग."

"हो म्हणालो असतो."

"म्हणून विचारलं नाही."

मग ते हळूहळू, चहाचे घोट घेत, बोलत राहिले. निघायच्या आधीच त्यांनी राजीनाम्याचं पत्र सुरेशच्या हातात दिलं होतं आणि सांगितलं होतं की माझा मुलगा येणार नाही, त्याला काम आहे. सुरेशला ते पटलं नव्हतं, म्हणून तो इकडं निरोप पाठवत असणार, हे त्यांनी ओळखलं होतं. आपण इथं आलो तर पोरगं आपल्या तोंडाकडं बघून हो म्हणेल, याची त्यांना रोज धास्ती वाटत होती. घसा खाकरला की धवल ताठ होतो हे त्यांना दिसत होतं, आणि म्हणून ते कोथिंबिरीचं काहीतरी विचारत. धवल ऐकत राहिला. सहा आठवडे दोघं एकमेकांच्या होकाराला भीत एकाच टेबलाशी जेवत होते. संस्थेचं काय होणार, असं त्यानं विचारलं. नाना म्हणाले, भांडतील, मग कुणीतरी होईल, कुणीतरी होतंच. आणि जरा थांबून म्हणाले, इथं आल्यापासून मला कुणी नमस्कार करत नाही रे. अल नस्रच्या बागेत एक केरळी मास्तर माझ्याशी कॅरम खेळतो, आणि रोज हरवतो. हे सांगताना त्यांचे डोळे इतके चमकत होते की वक्तृत्वाच्या त्या बक्षिसाचं सांगून टाकावं, असं धवलला क्षणभर वाटलं. मग राहू दिलं. सांगायची गरज उरली आहे की नाही हे त्याला कळेना, आणि न कळणंही छान वाटत होतं.

परतताना नानांनी हेल्मेट काढलंच नाही. गेटवरच्या माणसानं हसून 'ठेवा' अशी खूण केली होती. गाडीत पुढच्या सीटवर बसून ते बाहेर बघत होते: क्रेन, अर्धे पूल, ताडाच्या नव्या लावलेल्या झाडांना बांधलेल्या काठ्या. हा रस्ता पूर्वी कुठून जायचा, असं त्यांनी विचारलं. धवल सांगायला लागला की इथं आधी गोल चौक होता, मग तो काढला, मग खाली बोगदा झाला, आणि वळून बघतो तर नाना झोपले होते. हेल्मेट डोळ्यांवर आलं होतं आणि तोंड किंचित उघडं होतं. सिग्नल हिरवा होऊन मागच्यानं हॉर्न दिला तरी ते हलले नाहीत. धवलनं एसी कमी केला, रेडिओ बंद केला.

सुचित्राचा फोन आला. ताप उतरला होता, ईश्वरी भूक लागली म्हणत होती, पोळ्या झाल्या होत्या. तिनं आवाज खाली आणून विचारलं, दोघं बोललात का? "बोललो," तो हळू आवाजात म्हणाला. पलीकडं तिनं सोडलेला श्वास त्याला ऐकू आला. किती वेळ लागेल, तिनं विचारलं. "आलोच," तो म्हणाला. समोर बिन महमूदचं वळण आलं. डायव्हर्जनचे नारिंगी बाण नेहमीप्रमाणे दोन्हीकडं दाखवत होते. धवलनं शेजारी झोपलेल्या नानांकडं एकदा पाहिलं, इंडिकेटर बंद केला आणि गाडी सरळ, समुद्राच्या बाजूच्या लांबच्या रस्त्यानं, सावकाश जाऊ दिली.